स्पीकरखालचे दोन एम

मामीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसलो होतो. "अरे, ह्यांचा लॅपटॉप कालपासून मुका झालाय," मामी म्हणाली. मागून मामांचा आवाज आला, "मुका नाही, मेलाय म्हण. मला दोन्ही सारखंच."

मामा कराडला असतात. हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले. काचबिंदूने आधी डावा डोळा नेला, मग उजवा. आता सात वर्षं झाली, खिडकीतून ऊन आलंय की नाही एवढंच कळतं, तेही गालाला. पण गडी सकाळी सहाला लॅपटॉप उघडतो आणि तीन वर्तमानपत्रं ऐकतो. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त यंत्रणा आहे, आणि लिनक्सवर ओर्का नावाचा स्क्रीन रीडर आहे, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये सुरू झालेला. पडद्यावर जे असेल ते तो शब्दांत पकडतो आणि ईस्पीक नावाच्या प्रोग्रामच्या तोंडी देतो. ईस्पीकला मराठी येतं. मराठी म्हणजे यंत्राची मराठी. एखाद्या जस्ताच्या बादलीत तोंड घालून कोणी बोलावं तशी. त्याला चमच्यातला च आणि चहातला च एकच वाटतो, 'या जगात जगायचं कसं' हे तो असं म्हणतो की मामा खुर्चीत हसतात. शिवाय मामांनी वेग इतका वाढवून ठेवलाय की आपल्याला नुसती मधमाशी ऐकू येते. त्यांना अग्रलेख ऐकू येतो.

अशा माणसाच्या लॅपटॉपचा आवाज जातो म्हणजे काय होतं, हे मला तोवर नीट कळलं नव्हतं. माझा आवाज गेला तर मी चिडतो, हेडफोन उपटून पुन्हा खुपसतो, जमलं नाही तर गाणं फोनवर लावतो. दुरुस्तीही डोळ्यांनीच करतो. मामांच्या बाबतीत जे बिघडलंय तेच दुरुस्तीचं हत्यार होतं. पडदा लख्ख उजळलेला, सगळं जागच्या जागी, आणि खोलीत चिडीचूप.

मी पुण्यात, लॅपटॉप कराडला. मामीला इंग्रजी अक्षरं वाचता येतात पण ती चष्मा शोधण्यात पाच मिनिटं घालवते. शेवटी खालच्या मजल्यावरची सातवीतली मुलगी बोलावली. परीक्षा झालेली होती, तिला वेळ होता, आणि मामांचा लॅपटॉप हात लावायला मिळतोय याचा आनंद होता.

"काका, सांगा."

"विंडोजची खूण असलेलं बटण दाब. टर्मिनल टाईप कर. एंटर."

"काळी खिडकी आली."

"आता लिही, ए पी एल ए वाय. मग जागा सोड. मग छोटी आडवी रेघ आणि छोटा एल."

तिने एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाईप केलं. मग वाचलं, "नो साउंडकार्ड्स फाउंड. म्हणजे काय? कार्ड हरवलं?"

मला खरं तर बरं वाटलं. आवाजाच्या भानगडीतला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सगळं ठीक दिसतं आणि ऐकू काहीच येत नाही. प्रिंटर अडला तर कागद अडकल्याचा दिवा लागतो, नेट गेलं तर ब्राउझर रडतो. आवाजाचं तसं नसतं. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्यातला चिपेशी बोलणारा ड्रायव्हर, त्याच्या वर अल्सा, त्याच्या वर पल्सऑडिओ, त्याच्या वर बोलणारा प्रोग्राम, अशी चार-पाच माणसांची बादल्या पुढे देणारी रांग असते. मधल्या एकाने बादली खाली ठेवली तरी तो पुढच्याला सांगत नाही. मागच्यालाही नाही. इथे निदान पहिल्याच माणसाने स्पष्ट सांगितलं होतं की विहिरीवर मी गेलोच नाही.

कार्ड हा शब्दही गमतीचा. आज लॅपटॉपात साउंड कार्ड नसतंच, मदरबोर्डावर नखाएवढी एक चिप असते. पण आपण अजून फोन 'ठेवतो' ना, तसंच हे. मला कार्ड माहितीय ते हातभर लांब, सोनेरी दातांचं. २००० साली, इंजिनिअरिंगला असताना, मित्राच्या भावाने लॅमिंग्टन रोडवरून आणून दिलेलं. खोक्यावर कंपनीचं नावच नव्हतं, फक्त 'साउंड ब्लास्टर कंपॅटिबल' एवढं छापलेलं. रेड हॅट ६.२ ही लिनक्सची आवृत्ती टाकली होती आणि त्यात आवाजासाठी एसएनडीकॉन्फिग नावाचा निळ्या पडद्याचा प्रोग्राम होता. तो तीन गोष्टी विचारायचा. पोर्ट म्हणजे कार्डाचा पत्ता, आयआरक्यू म्हणजे त्याने हाक मारायची तार, डीएमए म्हणजे मेमरीतून आवाज न्यायचा रस्ता. दोनशे वीस, पाच, एक हे उत्तर तेव्हा पोरांना पाढ्यासारखं पाठ असे. माझ्या कार्डावरचे जंपर, म्हणजे हे आकडे ठरवणाऱ्या चिमुकल्या टोप्या, मात्र कोणीतरी आयआरक्यू सातवर लावून ठेवले होते, आणि सातवर बसायचा तो प्रिंटर.

आकडे भरले की तो प्रोग्राम कार्ड चालतंय का हे बघायला एक नमुना वाजवायचा. नमुना कोणाचा, तर लिनक्स लिहिणाऱ्या खुद्द लायनस टोरवाल्ड्सचा. आपण या यंत्रणेचं नाव कसं उच्चारतो हे त्याने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवलं होतं. 'हॅलो, धिस इज लायनस टोरवाल्ड्स, अँड आय प्रनाउन्स लिनक्स ॲज लिनक्स.' बास, एवढंच. माझ्याकडे तेवढंही पूर्ण यायचं नाही. 'हॅलो धिस, हॅलो धिस, हॅलो धिस' असं ते यंत्र बरळत सुटायचं, रीसेट दाबेपर्यंत. का ते खूप नंतर कळलं. कार्ड मेमरीतला एक तुकडा वाजवतं आणि संपला की आयआरक्यूच्या तारेवरून हाक मारतं, 'झालं, पुढचं द्या.' मी पाच नंबर सांगितला होता, कार्ड सात नंबरवरून ओरडत होतं. हाक ऐकायला कोणी नाही, म्हणून बिचारं हातातला तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसायचं. कार्ड बाहेर काढलं, चिमट्याने जंपर हलवला, पुन्हा बसवलं. पहाटे कधीतरी त्या फिनलंडच्या माणसाने आपलं वाक्य पुरं केलं. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघे होतो, तिघांनी टाळ्या वाजवल्या.

त्या काळात एका वेळी एकच प्रोग्राम बोलू शके. गाणं लावलंय आणि दुसऱ्या कोणाला घंटा वाजवायचीय, तर त्याला उत्तर मिळे 'डिव्हाइस बिझी'. चाळीत एकच नळ असावा तसं. ती जुनी पद्धत ओएसएस. फिनलंडच्याच हन्नू साव्होलायनेनने ती १९९२ च्या सुमारास उभी केली. मग चेक प्रजासत्ताकातल्या यारोस्लाव्ह किसेलाला आपलं ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्ड नीट वाजवायचं होतं, त्यातून १९९८ साली अल्सा सुरू झालं, आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलमध्ये त्याने ओएसएसची गादी घेतली. त्यावर लेनार्ट पोटरिंगचं पल्सऑडिओ आलं. २००७ साली फेडोरा ८ या लिनक्सच्या आवृत्तीत ते पहिल्यांदा आपोआप चालू झालं आणि पुढची दोन-तीन वर्षं लोकांनी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. त्यातल्या काही माझ्याही आहेत. आता मागे वळून बघताना वाटतं, त्याने ड्रायव्हरांकडून जे काम मागितलं ते आधी कोणी मागितलंच नव्हतं, त्यामुळे ड्रायव्हरांच्या जुन्या चुकांची बिलं त्याच्या नावावर फाटली. हल्ली नव्या आवृत्त्यांत त्याच्या जागी विम टायमन्सचं पाइपवायर आहे, आणि ते इतकं गुमान चालतं की त्याबद्दल लिहायला काही नाही.

असो. कराडला मुलगी ताटकळत होती.

"काका, आवाजाच्या सेटिंगमध्ये डमी आउटपुट लिहिलंय. डमी म्हणजे खोटं ना?"

बरोबर ओळखलंस, म्हटलं. पल्सऑडिओला खरं कार्ड सापडलं नाही की ते एक खोटं उभं करतं. प्रोग्राम त्याला आवाज देत राहतात, आणि तो सगळा आवाज शून्यात जातो. म्हणजे कालपासून मामांचा ओर्का बोलतच होता. अग्रलेख वाचून झाला असेल, हवामानही सांगितलं असेल. ऐकणाराच नव्हता.

पुढची आज्ञा कर्नलची रोजनिशी बघायची. तीनशे-चारशे ओळी, त्यातल्या 'सॉफ' असं लिहिलेल्या मला पाहिजे होत्या. गाळायची आज्ञा तिच्याकडून टाईप करून घ्यायला दहा मिनिटं लागली, कारण उभी रेघ कीबोर्डवर कुठे असते हे सांगणं पत्ता सांगण्यापेक्षा अवघड आहे. शेवटी तिने वाचलं, फर्मवेअर लोड फेल्ड, एरर उणे दोन.

उणे दोन म्हणजे फाईल सापडली नाही. आता उलगडा झाला, आणि चूक माझीच निघाली. महिन्यापूर्वी मामांची डिस्क गेली. दुकानदाराने नवी बसवली आणि मी कपाटात ठेवून आलेल्या पेनड्राइव्हवरून डेबियन ११, म्हणजे मामांच्या लॅपटॉपवरचं लिनक्स, पुन्हा टाकून दिलं. त्याने काम चोख केलं होतं. पण त्या पेनड्राइव्हवर नुसतं डेबियन होतं. पहिल्या वेळी फर्मवेअरचं पॅकेज मी नंतर हाताने चढवलं होतं आणि ते कुठे लिहून ठेवायचं सोयीस्कर विसरलो होतो. परवापर्यंत मामा मुंबईला लेकीकडे होते, म्हणून महिनाभर कोणाला पत्ता नव्हता.

अलीकडच्या इंटेलच्या लॅपटॉपांत आवाजासाठी वेगळा छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप सुरू झाला की तो कोरी पाटी असतो, त्याच्यावर दर वेळी एक छोटा प्रोग्राम चढवावा लागतो, तेव्हा त्याला कळतं आपण कोण. तो प्रोग्राम म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, सॉफ. नावात ओपन आहे, मूळ कोडही खुला आहे, पण विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांवर इंटेलच्या सहीशिवाय चिप त्याला आत घेत नाही. सही केलेली ती प्रत डेबियनच्या व्याख्येत मुक्त, म्हणजे कोणीही बदलून वापरावी अशी, बसत नाही, म्हणून ती वेगळ्या दालनात, 'नॉन-फ्री'मध्ये. आणि डेबियन ११ पर्यंत ते दालन अधिकृत इन्स्टॉलरच्या बाहेर होतं.

इथे मला थोडं थांबायचंय. मी कॉलेजपासून मुक्त सॉफ्टवेअरवाला. डेबियनचा हा सोवळेपणा मला आवडायचा. तत्त्व आहे, थोडी गैरसोय झाली तर सोसावी. पण डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये अंधांसाठी फार सुंदर सोय आहे. मेनू आला की बीप वाजतो, एस दाबून एंटर करायचं, की पुढचं सगळं तो बोलून विचारतो. म्हणजे मामांसारखा माणूस कोणाचीही मदत न घेता स्वतः यंत्रणा टाकू शकतो. आता तो लॅपटॉप सॉफवाला असेल तर? बोलणारा इन्स्टॉलर आहे, त्याला तोंड देणारी फाईल मात्र सोवळ्यातली नाही म्हणून बाहेर उभी. २०२२ साली डेबियनच्या लोकांनी यावर मतदान घेतलं आणि फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं. २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते आहे. त्या वादात अंध वापरणाऱ्यांचा हा मुद्दा स्पष्ट मांडला गेला होता. तेव्हा मी तो वाचून पुढे गेलो होतो. गैरसोय 'सोसावी' म्हणणारा मी, आणि सोसणारे मामा, ही वाटणी लक्षात यायला कराडचा फोन यावा लागला.

दुरुस्ती तशी सोपी, पण वायफायचं फर्मवेअरही त्याच दालनात, त्यामुळे लॅपटॉपला नेट नाही. मामीचा फोन केबलने जोडला, म्हणजे माझ्याशी बोलायला मुलीच्या आईचा फोन आला. मग नॅनो हा मजकूर लिहायचा प्रोग्राम उघडून, पॅकेजं कुठून आणायची त्या यादीतल्या ओळीच्या शेवटी 'नॉन-फ्री' लिहायचं होतं.

"नॉन-फ्री?" मामी मध्येच. "पैसे भरायचेत का? किती?"

"पैसे नाहीत गं मामी. फुकटच आहे."

"मग नॉन-फ्री कशाला लिहायचं?"

या प्रश्नावर जगभरच्या लोकांनी तीस-चाळीस वर्षं घालवली आहेत. मी म्हटलं, तिला लिहू दे.

पॅकेज उतरलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. एप्लेने आता कार्ड दाखवलं, सॉफ-एचडीए-डीएसपी. मी जिंकल्यासारखा ओरडलो. तिकडे शांतता.

"काका, काहीच ऐकू येत नाहीये."

हेडफोन लावून बघ म्हटलं. हेडफोनमधून पुटपुट येत होती. म्हणजे रांग चालू होती, फक्त शेवटचा माणूस, स्पीकर, बसून होता. हे ऐकून मात्र माझ्या पोटात गोळा आला. हा आजार मला माहीत होता.

२००४ पासून पीसीतल्या आवाजाच्या चिपा इंटेलच्या एचडी ऑडिओ या ठरावीक पद्धतीने बोलतात, त्यामुळे एका ड्रायव्हरमध्ये हजारो मशिनं निघतात. पण चिपेला पाय असतात, आणि कोणत्या पायाला काय जोडायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. एकाने चौदा नंबरवर स्पीकर जोडला, दुसऱ्याने तिथे काहीच नाही जोडलं आणि स्पीकर भलतीकडे नेला. कोणत्या पायावर काय आहे याचा तक्ता बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना आधी जागा होणाऱ्या प्रोग्राममध्ये, भरायचा असतो. बरेच जण तो घाईत भरतात. विंडोजसाठी आपला ड्रायव्हर दिला की त्यांचं काम भागतं. मग लिनक्समध्ये त्या एका मॉडेलसाठी एक ओळ लिहावी लागते, 'या नंबरचा लॅपटॉप दिसला तर तक्त्यावर विश्वास ठेवू नका, असं असं धरा.' तिला क्वर्क म्हणतात. खोड. रिअलटेकच्या चिपांसाठीची फाईल अशा खोडी जमवत जमवत दहा हजार ओळींच्या पुढे गेली. सुसे या लिनक्स कंपनीतले ताकाशी इवाई कित्येक वर्षं या सगळ्याची देखभाल करतात. मी ती फाईल कधीकधी नुसती चाळतो. एखादं वंशावळीचं बाड चाळावं तशी. प्रत्येक ओळीमागे कुठेतरी कोणीतरी एक रात्र जागलेलं आहे. त्याच्या लॅपटॉपचा स्पीकर वाजत नव्हता, त्याने तक्ता उकरला, पाय मोजले, ओळ पाठवली, आणि त्यानंतर तेच मॉडेल घेणाऱ्या कोणालाही कळलंसुद्धा नाही की इथे काही अडचण होती.

मामांच्या लॅपटॉपसाठी ती रात्र माझ्या वाट्याला आलीये, असं मी धरूनच चाललो. पण हाच लॅपटॉप वर्षभर बोलत होता, हे घाबरल्यावर आठवत नाही. शनिवारची कराडची एसटी मनात बघूनही ठेवली. मग केवळ उरकून टाकायचं म्हणून मुलीला म्हटलं, अल्सामिक्सर उघड.

"एकच खांब आहे. मास्टर."

"एफ सिक्स दाब. सॉफवालं नाव निवड."

"आता खूप खांब आले! मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम…"

"खांबांच्या पायाशी चौकोनात काय लिहिलंय, एकेकाच्या वाच."

"मास्टरखाली शून्य शून्य. हेडफोनखाली शून्य शून्य. स्पीकरखाली एम एम."

मी क्षणभर काही बोललोच नाही. एम एम म्हणजे म्यूट, डावाही, उजवाही. अल्सा नवीन कार्ड पाहिलं की सगळी तोंडं मिटूनच सुरुवात करतं, कोणाच्या कानठळ्या बसू नयेत म्हणून. ती उघडायचं काम दुसऱ्यांचं, आणि इथे कोणीतरी एक तोंड उघडायला विसरलं होतं. ही गोष्ट मी दुसऱ्या कोणालाही पहिल्या मिनिटात बघायला सांगितली असती.

"बाणाने स्पीकरवर जा. एम दाब."

"शून्य शून्य झालं. काका, शून्य म्हणजे आवाज शून्य ना?"

"नाही, शून्य म्हणजे चालू."

"आणि एम म्हणजे बंद?"

"हो."

"कोणी ठरवलं हे?" तिने विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाहेर पडून तिला स्पीकर-टेस्टची आज्ञा सांगितली. तिने एंटर दाबलं आणि फोनमधून मला ऐकू आलं, एका बाईचा शांत इंग्रजी आवाज, 'फ्रंट लेफ्ट'. मग 'फ्रंट राइट'. पुन्हा 'फ्रंट लेफ्ट'. ती बाई थांबवेपर्यंत एवढंच म्हणत राहते.

मामी म्हणाली, "ही कोण?"

मामा काही बोलले नाहीत. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मुलीने माझ्या सांगण्यावरून ओर्का बंद करून पुन्हा चालू करायला आल्ट, विंडोजची खूण आणि एस असं एकदम, दोनदा दाबलं, आणि ती बादलीतली मधमाशी सुरू झाली. मामांनी लगेच, "चल, ठेव आता, अर्ध्यातून राहिलंय," म्हणून मला वाटेला लावलं.

शनिवारी मी गेलोच कराडला. पेनड्राइव्ह बदलला आणि एक यूएसबी साउंड कार्ड नेलं, अंगठ्याएवढं, तीनशे रुपयांचं. त्याला ना फर्मवेअर लागत ना खोड, लिनक्सचा यूएसबीचा ड्रायव्हर त्याला लगेच ओळखतो. लॅपटॉप पुन्हा मुका झालाच तर मामांनी ते स्वतः खुपसायचं आणि हेडफोन लावायचा. इतकी वर्षं हे मला सुचलं नव्हतं. मामांनी ते बोटांत फिरवून पाहिलं, वरची बाजू कोणती ते विचारलं, आणि मामीकडून त्या बाजूला दोऱ्याची गाठ मारून घेतली.

संध्याकाळी मामांबरोबर नदीकडे फिरायला निघालो. त्यांच्या जिन्याला मध्ये एक वळण आहे. मी हात धरायला पुढे झालो तर त्यांनी तो बाजूला केला. खालच्या मजल्यावरच्या दारात ती मुलगी उभी होती. मामा वळणावर पोचले तशी ती त्या बाईच्या आवाजात म्हणाली, "फ्रंट लेफ्ट." मामा डावीकडे वळले. पाच पायऱ्या उतरले. "फ्रंट राइट," ती म्हणाली.